भूषणचा अल्बम कोणी चोरला असेल तर

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आम्हा सगळ्यांच्या गजभिये मॅडम, म्हणजे विजयाताई. मंचावर बसलेले प्रमुख पाहुणे, शंकर नगरचे व्यापारी नीलकंठराव देशकर साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती हरिदासकाका नंदेश्वर. काकांना न्यायला गोंदियाहून आलेल्या त्यांच्या कन्या अपर्णाताई. पहिल्या रांगेत बसलेल्या भीमाबाई सुखदेवे आणि त्यांची मुलगी पायल. महिला मंडळाच्या आयाबाया, रेल्वेतले काका लोक, सिलतऱ्याच्या कारखान्यातली ड्युटी बदलून घेऊन आलेले भाऊ, आणि मागे दाराशी उभे राहून मोबाईल पाहणारे माझे मित्र. सगळ्यांना जय भीम, नमस्कार आणि जय जोहार.

माझं नाव यशदीप बोरकर. सूत्रसंचालन करणाऱ्या दीक्षाताईंनी आत्ता माझी ओळख ‘आपल्या पाऱ्याचा, आपल्या वस्तीचा कलाकार’ अशी करून दिली. त्यांचं मन मोठं आहे. मी होसूरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात खोकी उचलतो. त्याआधी सुरतला होतो, त्याआधी मोरबीला. याचं बूड एका जागी टिकत नाही, असं माझी आई म्हणते, आणि ती समोरच बसली आहे म्हणून मी वाद घालत नाही. शाळा नववीत सुटली. म्हणून भाषण लिहून आणलं आहे. बरंचसं गाडीत लिहिलं, अक्षर हललं आहे, वाचताना कुठे अडलो तर सांभाळून घ्या. पायल सकाळी म्हणाली, ‘भैया, हिंदी में बोल दो ना, सब को समझेगा.’ काका म्हणाले, ‘मराठीत बोल. समजते सगळ्याईले. बोलाची लाज वाटते फक्त.’ तेव्हा मराठीत बोलतो.

मला आज दोन कामं दिली आहेत. एक, काकांना निरोप देणं. दुसरं काम भीमाबाईंचं आहे. त्यांचा मुलगा बुद्धभूषण, ज्याला आपण सगळे भूषण म्हणायचो, त्यानं रॅपचा एक अल्बम काढला होता. ‘करिया धुर्रा’. काळी धूळ. तो अल्बम आता कुठेच वाजत नाही, आणि त्याच्या आईला तो एकदा ऐकायचा आहे. आता कोणी म्हणेल, निरोपाच्या कार्यक्रमात हे कुठून काढलं? ही दोन्ही कामं एकच आहेत, म्हणून काढलं. कसं ते सांगतो.

आधी काकांबद्दल चांगलं बोलतो. निरोपात तसंच बोलायचं असतं. आणि काकांबद्दल चांगलं बोलताना खोटं काही घालावं लागत नाही. अडचण तीच आहे.

‘हरिदास कॅसेट सेंटर’ हे नाव तुम्ही सगळ्यांनी वाचलं आहे. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, पाटी तीच राहिली. सीडी गेल्या, मेमरी कार्ड भरून देणं आलं, पाटी तीच. आमच्या आई-वडिलांनी तिथून भीमगीतांच्या कॅसेट घेतल्या. चौदा एप्रिलला विहाराबाहेर काकांचा टेबल लागायचा, आणि नवीन कपड्यांसोबत घरात एक नवीन कॅसेट आली नाही तर जयंती झाल्यासारखं वाटायचं नाही. दसऱ्याला लोक नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि येताना काकांसाठी तिथले नवीन अल्बम आणायचे. गाणं विकत घेऊन घरी आणायचं असतं, हे आपल्या लोकांना शिकवावं लागलं नाही.

आम्ही पोट्टे मात्र दुसऱ्याच नादाला लागलो. भूषणनं कुठून तरी अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या रॅपचं नाव ऐकलं आणि काकांच्या मागे लागला. काका नीलकंठरावांच्या दुकानात सीडी रायटर घ्यायला गेले होते, तिथून एक ओरिजिनल सीडी घेऊन आले. आम्ही बाकावर बसलो. दुकानात हेडफोन एक. उजवा कान भूषणचा, डावा माझा. काकांनी थोडा वेळ स्वतःच्या कानाला लावला आणि काढला.

‘हे गाणं आहे का भांडण?’

भूषण म्हणाला, ‘काका, दोन्ही आहे.’

काकांनी पुन्हा लावला. बराच वेळ ऐकलं. एक अक्षर कळत नव्हतं, पण मान हलत होती. मग म्हणाले, ‘अरे, हे तं आपल्या कव्वालीच्या मुकाबल्यासारखं आहे. एक मारते, दुसरा फिरवून मारते. बोल लिहिले असतीन ना याच्यात?’

सीडीच्या डबीत बोल छापलेलं पुस्तक होतं. इंग्रजी. ते घेऊन आम्ही विजयाताईंकडे गेलो, कारण अख्ख्या पाऱ्यात इंग्रजी त्यांनाच येत होतं. मॅडम, रागावू नका, सांगतो. मॅडमनी चष्मा लावला, दोन ओळी मनात वाचल्या, पुस्तक बंद केलं आणि म्हणाल्या, ‘हे तुमच्या वयाचं नाही.’ मग चष्मा काढून म्हणाल्या, ‘माझ्याही वयाचं नाही.’ पण भूषण हटला नाही, आणि मॅडमनी महिनाभर, शिव्या गाळून, त्याला सगळा अर्थ सांगितला. शिव्या त्यानं स्वतः शोधल्या.

असं आम्ही ऐकत होतो. आजच्या पोरांना हे गोष्टीतलं वाटेल. एक अल्बम महिनाभर चालायचा. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमानं, कारण काका मधलं गाणं लावू द्यायचे नाहीत. ‘जेवताना आधी पापड खाऊन उठते काय बे?’ म्हणायचे. चौथं संपायच्या आधी पाचव्याची सुरुवात डोक्यात वाजायची. कोणतं गाणं आवडत नाही हेही माहीत असायचं, कारण ते पण ऐकावं लागायचं.

आता काकांच्या नियमाकडे येतो.

मेमरी कार्डाच्या काळात काकांनी जगातलं सगळं भरून दिलं. मुंबईचं, साउथचं, छत्तीसगढीचं. ते काही फार कायद्याचं काम नव्हतं, सगळ्या देशात तेच चाललं होतं. पण आपल्या इथल्या, ओळखीच्या माणसानं अल्बम काढला असेल, तर त्याचं एक गाणं काका कार्डात भरायचे नाहीत. सीडी विकत घ्या म्हणायचे. आणि सीडी जाळून झाल्या, म्हणजे बनवून झाल्या, की स्वतःच्या कंप्युटरवरून ती गाणी पुसून टाकायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, ‘ज्याचं आहे त्याच्याजवळ राहू दे. माह्या मशीनमध्ये राहिलं तं उद्या माहंच मन खराब होईन.’

भूषण तेव्हा सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या एका प्लांटमध्ये लागला होता. ड्युटीवरून आला की कानाच्या आतसुद्धा काळं असायचं. भीमाबाई दोरीवर पांढरे कपडे वाळत घालायच्या नाहीत. त्या धुळीवर त्यानं लिहिलं. थोडं मराठी, थोडं हिंदी, शिवी द्यायची असली की छत्तीसगढी. शंकर नगरात एका खोलीत एकानं स्टुडिओ काढला होता, तिथे सुट्टीच्या दिवशी जाऊन रेकॉर्ड केलं. दोन गाण्यांत मागे ओरडणारा आवाज माझा आहे. तेवढाच मी कलाकार.

त्या अल्बमच्या मधोमध एक जागा होती. तिथे गाणं नव्हतं, नुसती बडबड होती. रॅपच्या अल्बममध्ये अशी बडबड टाकायची पद्धत असते. भूषण घरी मोबाईलवर एक कडवं रेकॉर्ड करत होता आणि भीमाबाई आत आल्या. तेवढं सगळं त्यात उतरलं.

‘आई, थांब ना, रेकॉर्डिंग चालू आहे.’

‘काय रेकॉर्डिंग? भात थंडा होऊन राहिला.’

‘दोन मिनिट.’

‘तुह्या दोन मिनिटात माहा जलम गेला.’

आणि मग भूषण हसतो. पोट धरून हसतो, आणि हसता हसता दार लागल्याचा आवाज येतो. स्टुडिओवाला म्हणाला हे काढून टाक. भूषण म्हणाला, अल्बम काढून टाकीन, हे नाही काढणार.

काकांनी दोनशे सीडी जाळल्या. एकेक करून, दुकान सांभाळत. कव्हर आम्ही घरी कापले आणि चिकटवले. चौदा एप्रिलला विहाराबाहेर भीमगीतांच्या शेजारी ‘करिया धुर्रा’ लागला, आणि आयाबायांनी तो घेतला. अर्ध्या आयांना वाटलं भूषणनं भीमगीतं गायली आहेत. घरी जाऊन लावल्यावर काय झालं ते मी इथे सांगत नाही, पण एकीनंही परत आणून दिला नाही.

विकी, तू दारातून आत ये. आता तुझी गोष्ट आहे, आणि ती मी तुला विचारून सांगतो आहे.

अल्बम येऊन महिना झाला असेल. विकी दुकानात कार्ड भरायला आला. काकांनी कार्ड कंप्युटरला लावलं आणि थांबले.

‘हे काय आहे बे?’

‘काय काका?’

‘हे करिया धुर्रा. तुह्या कार्डात काहून आहे?’

‘भूषणनंच देलं.’

‘बोलावू त्याले? इथंच आहे मागं, चहा पिऊन राहिला.’

‘नाई, म्हणजे, एका पोट्ट्याच्या सीडीवरून घेतलं.’

‘त्यानं ड्युटी करून करून, डोळे फोडून अल्बम काढला, अन् तू फुकटात खिशात घालून फिरून राहिला.’

विकी तेव्हाही काही कमी नव्हता. म्हणाला, ‘काका, तुमी तं अख्ख्या बंबईचे गाणे फुकटात भरून देता.’

दुकानात आम्ही पाच-सात जण होतो. आता काका काय बोलतात? काका म्हणाले, ‘त्या बंबईवाल्याच्या मायले मी ओयखत नाई. याच्या मायले ओयखतो.’ आणि विकीच्या समोर, एकेक गाणं, आपल्या हातानं पुसलं. मग सीडी त्याच्या हातात ठेवली. विकीनं मुकाट्यानं घेतली. त्यानंतर पाऱ्यात कोणाची हिंमत झाली नाही. सगळ्यांनी सीडीच घेतली. आम्ही भूषणचे दोस्त तर काकांच्या पाया पडायचेच बाकी होतो. सांगा, असा दुकानदार कुठे मिळेल?

मग मोबाईलमध्येच सगळं आलं. नेट स्वस्त झालं, ॲप आले, आणि काकांचं कार्ड भरणं पण संपलं. भूषणनं एका ऑनलाइन कंपनीकडून अल्बम सगळ्या ॲपवर चढवला. दरवर्षी त्यांची फी भरायची, मग गाणी राहतात. त्या दिवशी त्यानं पेढे वाटले. म्हणाला, ‘काका, आता सीडीची झंझट नाही. आता हे कधीच हरवणार नाही.’ काका म्हणाले, ‘कुठं ठेवलं आहे तू?’ भूषणनं बोट वर केलं. काकांनी वर पंख्याकडे पाहिलं. तेव्हा आम्ही खूप हसलो.

मी तेव्हा सुरतला होतो. मशीनवर कानात लावून ऐकायचो. माझी स्वतःची सीडी खोलीत पाणी शिरलं तेव्हा गेली होती, पण मला काही वाटलं नाही, मोबाईलमध्ये होतं ना. फक्त ऐकणं बदललं होतं. ॲप तिसरं गाणं लावायचं आणि मग दुसऱ्याच कोणाचं तरी. पोट्टे एकाच गाण्याची एकच ओळ रीलमध्ये वापरायचे, पुढे काय आहे कोणाला माहीत नाही. अल्बम असतो हेच कोणाला माहीत नाही. माझ्या बाजूला झोपणारा एक पोरगा रोज शंभर गाणी ऐकायचा आणि एकाही गायकाचं नाव सांगू शकायचा नाही. भूषण मला फोनवर सांगायचा कोणतं गाणं किती वेळा वाजलं. ॲपवर तो आकडा दिसतो. बडबडीचा आकडा सगळ्यात कमी. सगळे तेवढं ढकलून पुढे जायचे. म्हणायचा, ‘मायच ऐकते वाटते एकटी.’

सीडींचं काय झालं? कोणाच्या मोबाईलला सीडी लागते? टीव्हीखालचे प्लेयर भंगारात गेले. नव्या लॅपटॉपला ती जागाच नाही. विकीच्या घरी ती सीडी गॅलरीत टांगली, चमकली की कबुतरं येत नाहीत. विकी, मान वर कर, सगळ्यांनी तेच केलं. कोणी चहाच्या कपाखाली ठेवली, कोणाच्या पोरांनी चाकं केली. गाणी तर मोबाईलमध्ये होतीच.

मग भूषण गेला. सकाळी ड्युटी सुटल्यावर, सिलतऱ्याच्या रोडवर, मागून ट्रेलर आला. त्याच्या आईसमोर याहून जास्त मी बोलणार नाही. फक्त एवढं, की अल्बमचा मूळ पेनड्राईव्ह त्याच्या गाडीच्या किल्लीला लावलेला असायचा.

भूषणच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरात उरलेल्या सीडी आलेल्या लोकांना आठवण म्हणून दिल्या. घरासाठी एकच ठेवली, काकांनी जाळलेली पहिली. ती भीमाबाईंनी फोटोफ्रेमवाल्याकडे नेली. भूषणच्या फोटोच्या बाजूला, त्याच फ्रेममध्ये, चमकणारी बाजू वर करून ती सीडी बसवून घेतली. मागून पक्का गोंद लावून, प्लायवूडवर. आपल्यातल्या सगळ्यांनी पाहिली आहे ती फ्रेम. सगळे म्हणाले, छान झाली. मी पण म्हणालो. सकाळी ऊन आलं की त्या सीडीवरून रंग भिंतीवर पडायचे. आणि रोज सकाळी भीमाबाई पायलचा जुना मोबाईल घेऊन तिथे बसायच्या आणि ती बडबड ऐकायच्या. गाणी नाही. तेवढीच बडबड. आकडा वाढत होता, मी होसूरहून पाहायचो.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी पायलला हाक मारली. ‘पायल, मी दाबून राहिली, हा बोलत काहून नाई?’

पायल म्हणाली, ‘मम्मी, नेट स्लो होगा.’

दुसऱ्या दिवशीही नेट स्लो. तिसऱ्या दिवशी पायलनं स्वतः पाहिलं. नाव होतं, पण राखाडी झालेलं. बोट लावलं तर काही होत नाही. तिनं ते डाउनलोड करून ठेवलं होतं. मी पण ठेवलं होतं. डाउनलोड केलं म्हणजे आपलं झालं, असं वाटतं ना? ते आपलं नसतं. वरून काढलं की आपल्या मोबाईलमधूनही जातं. फी भरायची आठवण भूषणच्या नंबरवर यायची, आणि तो नंबर बंद झाला होता. खातं उघडायला ओटीपी लागतो, तोही त्याच नंबरवर.

पायल पोरगी हिमतीची आहे. तिनं तो नंबर लावला. तिच्या मोबाईलमध्ये तो अजून ‘भैया’ नावानं होता. स्क्रीनवर भूषणचा फोटो आला, घंटी गेली, आणि कोणी तरी उचलला.

‘हलो, कोन?’

पायलनं आधी आपलं नाव सांगितलं. मग तिनं सगळं सांगितलं. भूषणचा बंद झालेला नंबर आता जांजगीरकडच्या एका माणसाला मिळाला होता, तो शेतात होता. म्हणाला, ‘बहिनी, ये नंबर मोला दुकान ले मिले हे. मैं का करंव?’ पण त्यानं फोन ठेवला नाही. ओटीपी आला तो त्यानं एकेक आकडा करून हळूहळू वाचून दाखवला, दोनदा. खातं उघडलं. आत काही नव्हतं. मुदत संपली होती, गाणी काढून टाकली होती. कंपनीला लिहिलं, तर उत्तर मशीननं दिलं. शंकर नगरचा स्टुडिओ कधीचाच उठला होता. त्या खोलीत आता केस कापतात.

विकलेल्या आणि वाटलेल्या सीडी पायलनं घरोघर जाऊन मागितल्या, पण ज्या मिळाल्या त्या उन्हानं आणि ओरखड्यांनी गेलेल्या, एकही वाजली नाही. राहिली ती फ्रेम.

मी तेव्हा सुट्टीवर आलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं आहे. भीमाबाई फ्रेम घेऊन दुकानात आल्या. काकांनी काच काढली. अपर्णाताईंचा जुना हेअर ड्रायर होता, त्यानं गोंद गरम केला. पातळ पातं मागून तसूतसूनं सरकवलं. सीडी सुटली. भीमाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. काकांनी ती उचलली, आणि सगळी चांदी प्लायवूडवरच राहिली. सीडीत गाणं त्या चांदीत असतं. नावाच्या बाजूला असते ती, लगेच वरच्या पापुद्र्याखाली. तिकडेच गोंद होता. काकांच्या हातात नुसतं गोल प्लास्टिक राहिलं. त्यातून त्यांची बोटं दिसत होती.

भीमाबाईंनी ते प्लास्टिक हातात घेतलं, उजेडात धरलं, परत काकांपुढे ठेवलं. आणि म्हणाल्या, ‘भाऊ, तुले येवढं इमानदार राहाले कोनं सांगतलं होतं? थोडासा चोर असता तं माह्या पोट्ट्याचा आवाज राहिला असता.’

मी हे इथे का सांगतो आहे? भीमाबाईंची परवानगी घेतली आहे. काकांची पण घेतली आहे. आत्ता थोड्या वेळापूर्वी दीक्षाताईंनी मानपत्र वाचलं. त्यात ‘प्रामाणिक’ हा शब्द तीनदा आला. तिन्ही वेळा काकांनी मान खाली घातली. तुम्हाला तो विनय वाटला असेल. टाळ्या पण वाजल्या. नीलकंठराव साहेब आपल्या भाषणात म्हणाले, अशी माणसं आता होत नाहीत. साहेब, तुमचं बरोबर आहे. पण ज्या गाण्यांच्या मालकाला काका ओळखत नव्हते ती सगळी गाणी आज ढीगभर कार्डांत, पेनड्राईव्हमध्ये, ट्रकवाल्यांच्या डेकमध्ये वाजत आहेत. ज्या एका पोराच्या आईला ते ओळखत होते, त्याचा आवाज तेवढा राहिला नाही. त्यांनी काही वाईट केलं का? मी होसूरला खोकी उचलताना यावर खूप विचार केला. मला उत्तर सापडलं नाही. ज्याला सापडेल त्यानं चहाच्या वेळी मला सांगावं.

काका गोंदियाला जात आहेत ते गुडघे दुखतात म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं आहे. गुडघे दुखतातच. पण त्या दिवसानंतर दुकान उशिरा उघडायला लागलं. मग अर्धं शटर. मग आठवड्यातून दोनदा. आत काका जुन्या हार्ड डिस्क लावून बसायचे. स्वतःच पुसलेलं परत मिळतं का बघत. एका जाणकाराला दाखवलं. तो म्हणाला, त्याच्यावर इतक्या वेळा दुसरं भरलं आहे की आता काही नाही. ज्या मुंबईवाल्यांची गाणी काकांनी भरली, तीच भूषणच्या जागेवर जाऊन बसली.

काल संध्याकाळी मी गाडीतून उतरून सरळ दुकानात गेलो. सामान बांधून झालं होतं. कंप्युटर तेवढा बांधला नव्हता. मी म्हणालो, ‘काका, उद्या भाषणात काय बोलू?’

‘माहं कौतुक जास्त करू नको. चोर शोध.’

‘कोन चोर?’

‘मले काय माहीत? असनच ना कोनी. येवढ्या मोठ्या पाऱ्यात एक तरी पोट्टा माह्या हातून सुटला असन. माह्यासमोर कार्ड लावलं नसन त्यानं. भेऊन दुसऱ्याच दुकानात गेला असन.’

‘अन् भेटला तं?’

‘त्याले म्हण, हरिदासनं बोलावलं आहे. चहा पाजतो म्हण.’

म्हणून मंडळी, ज्यांनी सीडी विकत घेतली त्या सगळ्यांचे आभार मानतो, पण आज मला तुमच्याशी काम नाही. ज्यानं घेतली नाही, पण ऐकली, त्याच्याशी काम आहे. ज्यानं शेजाऱ्याची सीडी एका दिवसासाठी मागून नेली आणि कंप्युटरवर उतरवली. ज्यानं ब्लूटूथवरून दुसऱ्याच्या मोबाईलमधून घेतलं. ज्यानं लग्नाच्या डीजेला पेनड्राईव्ह दिला. ज्याच्या घरी कपाटात बटणांचा जुना मोबाईल पडला आहे आणि त्यात नखाएवढं कार्ड अजून आहे. जे लाजेनं आजपर्यंत बोलले नाहीत. तुम्ही या हॉलमध्ये नसाल तर तुमचा भाऊ असेल, मेहुणा असेल, भिलाईला राहणारा मित्र असेल. त्याला फोन करा.

आणखी एक सांगतो, मग बसतो. कार्डात जागा कमी पडली की आपण काय पुसतो? जे ऐकत नाही ते. ती बडबड सगळ्यांनी आधी पुसली असेल, हे मला माहीत आहे. भीमाबाईंनाही माहीत आहे. तरी ज्यानं चोरलं त्यानं घाईत सगळंच चोरलं असेल, काय आहे ते पाहिलं पण नसेल, एवढ्या आशेवर आम्ही आहोत. अर्धी असली तरी चालेल. त्यातलं नुसतं हसणं असलं तरी चालेल.

दाराजवळच्या टेबलावर काकांनी कंप्युटर लावला आहे. सगळ्या मापाची कार्डं लागतात. जेवण होईपर्यंत आज, आणि उद्या दुपारी गोंदियाची गाडी निघेपर्यंत दुकानात, तो चालू राहील. त्यानंतर पायलकडे राहील. काका नाव विचारणार नाहीत.

अध्यक्ष महोदया, पाहुणे, हॉल दिल्याबद्दल समिती, सकाळपासून पोळ्या लाटणाऱ्या महिला मंडळाच्या ताया, माईकवाले भैया, सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना गोंदियात चांगली झोप लागो, एवढं मागतो. मी शिकलेला नाही. बोलताना कोणाचा मान राहिला नसेल, कोणाला नको तिथे लागलं असेल, सणाच्या जागी दुःख काढलं असं वाटलं असेल, तर लहान समजून सोडून द्या.

आणि कार्डात काही निघालं नाही तर भीमाबाईंना वाईट वाटेल, असा विचार करून कोणी मागे राहू नका. मी त्यांना तेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘घरी बसून तरी मी काय ऐकून राहिली?’

जय भीम.